ऑफिसचे लॅपटॉप आता फक्त वॉरंटीपुरतेच बनवतात का?

ऐरोलीकर
आमच्या ऑफिसात यंदा सगळ्यांचे लॅपटॉप बदलले. नवीन आलेत ते बारीक, हलके, अॅल्युमिनियमची बॉडी, हातात घेतल्यावर एकदम भारी वाटतात. परत घेतले ते लेनोव्होचे थिंकपॅड टी४८०, २०१८ चं मॉडेल, काळे जाडजूड, आणि त्यातले बहुतेक अजून व्यवस्थित चालत होते. मला याचा खरंच राग येतो. माझ्या मते मशीनला टिकाऊ तेव्हा म्हणायचं जेव्हा एक पार्ट गेला तर तेवढाच बदलून ते परत उभं राहतं. टी४८० ला रॅम म्हणजे मेमरी काढायघालायचे दोन स्लॉट, मागची बॅटरी हाताने निघते, आत अजून एक छोटी बॅटरी आहे त्यामुळे मशीन बंद न करता मागची काढून दुसरी लावता येते. पुढच्याच वर्षीच्या टी४९० मध्ये बाहेरची बॅटरी गायब, एक रॅम बोर्डावर सोल्डर, म्हणजे डाक देऊन कायमची चिकटवलेली, आणि स्लॉट एकच. आता तर कितीतरी बिझनेस मॉडेलात सगळीच रॅम सोल्डर असते, म्हणजे एक चिप गेली की अख्खा मदरबोर्ड बदला, आणि वॉरंटी संपलेली असेल तर बोर्डाचा भाव ऐकूनच माणूस नवीन घ्यायला जातो. याला बिझनेस क्लास म्हणायचं?

घोडबंदरची मी
नाही पटलं. तुम्ही ऐरोलीतच राहून ऐरोलीतच काम करता का? मी कासारवडवलीहून बसने ठाणे स्टेशन, तिथून नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल, मग घणसोलीला उतरून महापेला रिक्षा असं करते. मोठी बॅटरी लावलेला टी४८० पावणेदोन किलोच्या आसपास जातो, वर चार्जर, डबा, पाण्याची बाटली, छत्री. आता मिळालेला सव्वा किलोचा आहे आणि माझी मान दुखायची थांबलीय, हा फरक लहान नाहीये. आणि पडण्याचंच बोलायचं तर वजन जितकं कमी तितका आपटल्याचा जोर कमी, हे कोणी धरतच नाही. सोल्डर रॅमही कोणी दुष्टपणाने आणलेली नाही. पातळ मशीनमधली एलपीडीडीआर नावाची रॅम वीज कमी खाते पण तिचे सिग्नल लांबच्या वायरिंगवर टिकत नाहीत म्हणून ती प्रोसेसरला चिकटून बसवावी लागते. स्लॉटवाल्या मशीनचं कौतुक करताना हे पण आठवा की पावसाळ्यात डिस्प्ले येत नाही म्हणून रॅम काढून खोडरबरने घासून परत लावायची हा उद्योग आपल्याकडे घरोघरी झालेला आहे.

बोर्डवाला वाशी
दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे पण टेबलावर रोज जे येतं ते सांगतो. बोर्ड आणि रॅमचं नंतर बघू, बिघाडात पहिला नंबर हिंजचा, म्हणजे स्क्रीनच्या बिजागरीचा. स्वस्त मॉडेलात हिंजचे स्क्रू पितळेच्या छोट्या नटात जातात आणि ते नट प्लास्टिकमध्ये बसवलेले असतात, हिंज कडक झालं की स्क्रीन उघडताना सगळा जोर त्या प्लास्टिकवर येतो आणि नट उपटून बाहेर, मग कोपरा फाकतो आणि लोक फेव्हीक्विक लावून आणतात (लावू नका, नंतर उघडता येत नाही). चांगल्या बिझनेस सिरीजमध्ये हिंज धातूच्या फ्रेमला असतं, त्याचेच पैसे तुम्ही भरता.

बॉडीचं म्हणाल तर अॅल्युमिनियम म्हणजे मजबूत हा समज चुकीचा आहे. अॅल्युमिनियमला पोचा पडतो आणि तो तसाच राहतो, कोपऱ्याला पोचा पडला तर आतलं काहीतरी दाबलं जातं. मॅग्नेशियम त्याच्यापेक्षा साधारण एक तृतीयांशने हलकं पण जोरात आपटलं तर तडकतं. ग्लास फायबर घातलेलं चांगलं प्लास्टिक वाकतं आणि परत जागेवर येतं, दिसायला साधं असतं म्हणून त्याला कोणी किंमत देत नाही.

दुसरा नंबर स्क्रीनचा. झाकण इतकं पातळ झालंय की सकाळच्या लोकलमध्ये सॅक पोटाशी धरून उभं राहिलं तरी चार्जरचा ठोकळा दाबून पॅनेल जातं. ताई, वजन कमी झालं ते इथून पण कमी झालंय. चार्जर लॅपटॉपच्या कप्प्यात कधीच ठेवू नका.

तिसरं बॅटरी. पातळ मशीनमध्ये फुगायला जागाच नसते, फुगली की टचपॅड वर येतो, क्लिक होत नाही आणि लोक टचपॅड बदलायला आणतात. दिवसभर चार्जरला लावून ठेवत असाल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा, बहुतेक बिझनेस मॉडेलात ती सोय असते.

खरेदी विभाग
लॅपटॉपवर मिलिटरी ग्रेडचं स्टिकर लावतात त्याचं पण बोला कोणीतरी. मिल-एसटीडी-८१०एच हा अमेरिकन संरक्षण खात्याचा चाचण्यांच्या पद्धतींचा दस्तऐवज आहे, २०१९ चा, त्याचं सर्टिफिकेट देणारी सरकारी संस्था वगैरे काही नाही. कोणत्या चाचण्या घ्यायच्या ते कंपनी ठरवते. त्यातल्या १२२ सेंटीमीटरवरून २६ वेळा टाकायच्या चाचणीत ते २६ वेळा पाच नगांपर्यंत वाटून घ्यायची मुभा आहे, म्हणजे एकाच मशीनने सगळे मार सोसले असं समजू नका. मी व्हेंडरला कायम विचारतो की कुठल्या चाचण्या, चालू मशीनवर की बंद. लेखी उत्तर फार थोडे देतात.

सर्व्हररूम महापे
मी आयटी सपोर्टला आहे, माझी बाजू पण ऐका. कंपनीला लॅपटॉप दहा वर्षं टिकवायचाच नसतो. तीन वर्षांचं लीज, तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी, बिघडला की दुसऱ्या दिवशी इंजिनिअर येऊन बोर्ड बदलून जातो, युजरचं काम थांबत नाही हाच हिशोब असतो. आणि दणकट मशीन टिकलं तरी विंडोज टिकत नाही ना. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलच्या प्रोसेसरची निदान आठवी जनरेशन लागते, मग सातव्या जनरेशनवाला टी४७० कितीही ठणठणीत असला तरी मी तो नेटवर्कवर ठेवू शकत नाही. तुमची मॅग्नेशियमची फ्रेम तिथे काय करणार?

ऐरोलीकर
@सर्व्हररूम तुमचा हिशोब तीन वर्षांनी संपतो पण मशीन तिथे संपत नाही हेच तर माझं म्हणणं आहे. ते पुढे रिफर्बिश्ड होऊन, म्हणजे दुरुस्त करून जुनं म्हणून विकलं जाऊन, कुणाच्या तरी घरी जातं, डिप्लोमाची पोरं त्यावरच शिकतात. तुम्ही ज्याचं लीज संपवलंत त्याची रॅम ८ जीबी सोल्डर असेल तर त्या पोराने काय करायचं? विंडोज नसेल तर लिनक्स ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकता येतं, सोल्डर केलेली रॅम कशी वाढवणार?

आणि @घोडबंदरची मी, पातळ हवं तर सोल्डर हवंच हे आता खरं राहिलेलं नाही. २०२४ चा थिंकपॅड टी१४ जेन ५ बघा, दोन रॅम स्लॉट परत आणले, बॅटरी सहज बदलते, उपकरणं उघडून दुरुस्तीचे गुण देणाऱ्या आयफिक्सिटने १० पैकी ९ दिले आणि वजन दीड किलोच्या आतच सुरू होतं. एलपीडीडीआर सुद्धा आता काढता-घालता येणाऱ्या मॉड्यूलवर मिळते, एलपीकॅम२, ती त्याच वर्षी थिंकपॅड पी१ जेन ७ मध्ये आली. डेलने २०२५ मध्ये काही डेल प्रो मॉडेलात टाइप-सी पोर्ट स्क्रूने बसवलेला वेगळा पार्ट केला. म्हणजे जमत होतं, फक्त गिऱ्हाईक मागत नव्हतं. युरोपात फेब्रुवारी २०२७ पासून लॅपटॉपसारख्या उपकरणांच्या बॅटऱ्या वापरणाऱ्याला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम लागू होतोय. आपल्याकडे राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल २०२२ मध्ये आलं, पण पोर्टलने सोल्डर निघत नाही, त्यासाठी असाच सक्तीचा नियम लागेल.

घोडबंदरची मी
दीड किलो आणि सव्वा किलो यात पाव किलोचा फरक आहे आणि तो रोज दोन वेळा माझ्याच खांद्यावर असणारे. दुरुस्ती कधीतरी करावी लागते, उचलायचं रोज. पोर्टचं मात्र मान्य, तो बोर्डावर नसावाच. पण तुमच्या लाडक्या टी४८० चे दोन्ही टाइप-सी बोर्डावरच आहेत आणि चार्जिंग त्यातूनच होतं, त्याला काय म्हणाल?

ऐरोलीकर
ती त्याची कमजोर बाजू आहेच, त्यात वाद नाही.

खारटन रोड
हे सगळं वाचून विचारतोय, पुतणीला डिप्लोमासाठी रिफर्बिश्ड टी४८० मिळतोय, घेऊ का?

बोर्डवाला वाशी
घ्या पण बघून. प्रोसेसर आय५-८२५०यू किंवा ८३५०यू असा आठव्या जनरेशनचाच हवा, टी४८० मध्ये सातव्या जनरेशनचे पण निघालेत. दोन्ही टाइप-सी मध्ये चार्जर लावून हलकेच हलवून बघा, चार्जिंग तुटलं तर सोडून द्या. दोन्ही बॅटऱ्यांची हेल्थ बघा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुकानदाराला समोरच बायॉस, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारी मशीनची सेटिंग, उघडायला सांगा. कंपन्यांमधून निघालेल्या मशीनला कधीकधी त्या सेटिंगचा सुपरवायझर पासवर्ड राहिलेला असतो, तो काढणं सोपं नसतं. पासवर्ड मागितला तर पैसे देऊ नका.