० ते १०० चा आकडा खोटा नाही, पण अर्धवट आहे

घाटमाथा
काल एकाने लिहिलं की ० ते १०० किमीचा वेग गाठायला कंपनी सांगते त्यापेक्षा दीड सेकंद जास्त लागतो, म्हणजे इलेक्ट्रिक गाडीवाले सगळे चोर. खाली शंभर जणांची वाहवा. मोजलं कसं? गाडीत चार माणसं, एसी फुल, बॅटरी ३० टक्क्यांच्या खाली आणि शेजारचा मोबाईलवर घड्याळ लावून मीटरकडे बघतोय. अशाने काय कळणार?

बॅटरी उतरली की व्होल्टेज पडतं आणि पूर्ण पॉवर मिळत नाही. बॅटरी किंवा मोटर तापली तर गाडी स्वतःच हात आखडता घेते. आणि आधी आपलं मॉडेल तरी नीट बघा. महिंद्राच्या बीई ६ चे ६.७ सेकंद सगळे तोंडपाठ म्हणतात, पण तो आकडा ७९ किलोवॅट-अवरच्या बॅटरीचा, तिची पॉवर २८६ पीएस, म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच. ५९ वालीची २३१. टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर, दोघींना ३८० न्यूटन-मीटरच, त्यामुळे सिग्नलवरून सुटताना फरक जाणवत नाही, वेग चढल्यावर जाणवतो. कंपन्यांनी अटी छापाव्यात हे शंभर टक्के मान्य, पण चोर म्हणू नका.

सोलापूर रोड
ती पोस्ट माझीच. जाहिरातीत आई-बाबा, पोरं, डिकीत बॅगा दाखवायच्या आणि आकडा द्यायचा एकट्या ड्रायव्हरचा, याला काय म्हणायचं मग? मी गाडी ट्रॅकवर न्यायला नाही घेतली.

टेंभुर्णीकडून पंढरपूरला जाताना पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, शेवटच्या ट्रॉलीला लाल दिवासुद्धा नाही, उसाची वाढी रस्त्यावर घासत चाललेली. समोर मोकळं दिसलं म्हणून बाहेर काढली, पाय पूर्ण दाबला, पहिला झटका बसला आणि ७० च्या पुढे गाडी मऊ पडली. समोरून एसटी. कशीबशी आत घेतली, बायको अर्धा तास बोलली नाही. बॅटरी कमी होती हे खरं, पण कमी असली की ओव्हरटेक जपून करा हे शोरूममध्ये एकाने तरी सांगितलं का?

वायरमन
दोघांनाही सांगतो. मीटर बघून मोजूच नका. नियमाने मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवू शकत नाही, म्हणून कंपन्या थोडं जास्तच दाखवतात. मीटरवर १०० म्हणजे खरे ९५-९६ असू शकतात. जीपीएसवाली डबी मिळते, ती लावा.

दुसरं, अमेरिकेतले आकडे इथे आणून भांडू नका. तिकडे ० ते ६० मैल मोजतात, म्हणजे साडेशहाण्णव किलोमीटर. वर रोलआउट, म्हणजे गाडी पहिला एक फूट सरकल्यावर घड्याळ सुरू. टेस्लाने मॉडेल एस प्लेड या गाडीचे १.९९ सेकंद सांगितले ते रोलआउट वजा करून. त्या एका फुटात पाव सेकंदाच्या आसपास जातो, आणि दोन सेकंदांच्या हिशोबात पाव सेकंद म्हणजे थोडाथोडका नाही.

सोलापूर रोड
थांबा थांबा. मीटर जास्त दाखवतं म्हणजे माझी गाडी मी लिहिलं त्याहूनही हळू निघाली की! घाटमाथा साहेब, आता बोला.

घाटमाथा
मोजणी चुकीचीच होती. पण चूक कंपनीच्या बाजूने झाली, एवढं कबूल करावं लागतंय.

नाशिककर ताई
तुम्ही ३० टक्के, १०० टक्के करताय. माझी गाडी घरी कधी १०० टक्के होतच नाही, कारण सोसायटी पार्किंगमध्ये पॉइंट घेऊ देत नाही! बाहेर फास्ट चार्जरवर ८० च्या पुढे एवढं हळू चढतं की मागचे हॉर्न वाजवायला लागतात, मग निघावं लागतं. सेक्रेटरींचं एकच पालुपद, आग लागली तर जबाबदार कोण. त्यांच्या दोन स्कूटर पेट्रोलच्या टाक्या भरून त्याच पार्किंगमध्ये उभ्या असतात.

पिंपरीचा पाटील
ताई, मी कमिटीवर आहे, आमचीही बाजू ऐका. १९९० च्या दशकातली बिल्डिंग, तेव्हाची वायरिंग. एकाला दिलं की दहा जण मागणार, लोड वाढवायचा खर्च कोण देणार? ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी?

नाशिककर ताई
माझ्याच घरच्या मीटरवरून वायर ओढणार, बिल मी भरणार. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत घरच्या कनेक्शनवरून गाडी चार्ज करायला मुभा दिलीय. कमिटीवाले वाचतच नाहीत आणि वर बायकांना वायरिंग शिकवतात.

पिंपरीचा पाटील
बायकांचा विषय कुठे आला? लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे किती वीज ओढली जाईल याचा हिशोब आणा, मी पहिली सही करतो. आमच्याकडे एकाने जिन्यातून एक्स्टेंशन बोर्ड टाकला होता, प्लग वितळून काळा झाला. तो मी हाताने काढलाय, म्हणून बोलतोय.

वायरमन
पाटील, एक्स्टेंशनवर गाडी लावली तर वितळणारच. रात्रभर सलग तेवढा करंट ओढला जातो. स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), नीट अर्थिंग, एवढं केलं की झालं. ताईंना नाही म्हणायला तो प्लग कारण नाही होत.

पिंपरीचा पाटील
स्वतंत्र वायर असेल तर माझी हरकत नाही. लेखी द्या मात्र.

घाटमाथा
मूळ मुद्द्यावर या राव. रेंजसाठी निदान ठरलेली सरकारी चाचणी आहे, पुण्यात एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था ती करते, सगळ्यांना तीच. ० ते १०० ला तसं काही नाही, प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने सांगते. मागायचंच असेल तर ६० ते १०० चा आकडा मागा, निम्मी बॅटरी आणि चार माणसं बसवून. आपल्या रस्त्यांवर लागतो तो हाच, आणि यात गिअर पाडायची भानगड नसल्याने इलेक्ट्रिक गाडी त्याच ताकदीच्या पेट्रोलला बहुतेक वेळा मागे टाकेल.

सोलापूर रोड
आकडा छापल्यावर बोलू. तोवर माझी पोस्ट मी काढणार नाही. फक्त 'चोर' हा शब्द काढतो, तो जास्त झाला असेल.

नाशिककर ताई
ते सगळं ठीक, पण एनओसीच्या अर्जाचा मराठी नमुना आहे का कुणाकडे? रविवारी सर्वसाधारण सभा आहे. पाटील, लोड कॅल्क्युलेशनमध्ये नेमकं काय काय लागतं तेही लिहा.