कोसा, कोसला, कोष : नेमका फरक काय?

चौकस : नागपुरात दुकानदार 'कोसाची साडी' म्हणाला, पुण्यात तीच 'टसर' म्हणून मिळते. कोसा, कोसला, कोष हे सगळं एकच का? आणि 'कोसाची' बरोबर की 'कोशाची'?

शब्दवेडा : पैसा-पैशाची, तसं कोसा-कोशाची. पण बोलताना 'कोसाची' सर्रास चालतं. मूळ संस्कृत 'कोश'. त्यावरून रेशमी वस्त्राला 'कौशेय', त्यासाठी पाणिनीचं स्वतंत्र सूत्र आहे. कोसला म्हणजे किड्याने स्वतःभोवती केलेलं घर, तुतीवाले शेतकरी त्यालाच कोष म्हणतात. गंमत म्हणजे संस्कृतात 'कोशकार' म्हणजे शब्दकोश रचणारा आणि रेशमाचा किडाही!

झाडीपट्टीकर : आमच्या भंडारा-गडचिरोलीकडे घर, सूत आणि कापड, तिन्हीला कोसाच म्हणतात. पण फक्त टसरच्या. पैठणीला कोणी कोसा म्हणणार नाही, ती तुतीच्या रेशमाची.

टसरचा किडा घरात नाही, जंगलात वाढतो. ढिवर समाजाची मंडळी ऐन-अर्जुनाच्या झाडांवर अळ्या सोडतात आणि पाखरं, मुंग्यांपासून राखण करतात. कोशाला देठ असतो, तो फांदीला कडी घालून बसतो. कोसा हातात घेऊन बघा, सुपारीसारखा टणक. नुसत्या गरम पाण्याला दाद देत नाही. राखेच्या नाहीतर सोड्याच्या पाण्यात शिजवावा लागतो. मग जुन्या रीतीत बाया चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर तळव्याने वळतात. तुतीचा कोष त्या मानाने गरीब : गरम पाण्यात टोक सापडलं की हजार मीटरच्या आसपास सलग तंतू निघतो.

अर्थात आतला जीव उष्णतेने आधीच मारलेला असतो. पतंग कोसा फोडून बाहेर पडला की सलग धागा संपला. फुटके कोसे वाया जात नाहीत, त्यांचं हाताने ओढलेलं जाडंभरडं सूत म्हणजे 'घिचा'. मला तर गुळगुळीत टसरपेक्षा तेच आवडतं.

चौकस : मग करवती साडी पूर्ण कोशाची?

झाडीपट्टीकर : अंग कोशाचं, काठ सुती. अंगाला एक आणि दोन्ही काठांना एकेक, असे तीन धोटे (मागावर आडवा धागा नेणारं साधन) चालतात. अंग आणि काठ जिथे एकमेकांत गुंततात तिथे करवतीचे दाते उमटतात. छापलेले दाते बघून फसू नका, साडी उलटी करून बघा.

शब्दवेडा : धोट्यावरून आठवलं, संस्कृतात 'तसर' म्हणजे धोटाच. 'टसर' तिथूनच आला असं मानतात.