अनुभव धागा: कोकणातलं कॉलेज, हॉस्टेल आणि लांबून आलेली मुलं

दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ ला स्थापन झालं. 'रत्ना' आंबा, 'वेंगुर्ला ४' काजू ही त्याची कामगिरी सगळ्यांना ठाऊक आहे. हॉस्टेलात कोण कोणाच्या ताटात जेवलं, ते मात्र तुम्हीच सांगू शकता. दापोलीच असं नाही, किनाऱ्यावरचं कुठलंही कॉलेज चालेल. लिहा.

लातूर, १९९४ ची बॅच
पहिल्या महिन्यात गादीला बुरशी, चपलेला बुरशी, वहीला बुरशी. मेसमध्ये दोन्ही वेळा भात. रूममेट गुहागरचा. त्याच्या आईने तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, तेव्हा मी म्हणालो, "ही काय भाकरी झाली?" तो काहीच बोलला नाही, डबा बंद केला. ते मला अजून लागतं. दिवाळीनंतर मी ज्वारीचं पीठ आणलं, मेसच्या मावशींनी थापून दिलं. त्याने शेंगाचटणीबरोबर दोन भाकऱ्या खाल्ल्या. पुढच्या जुलैत लावणीच्या प्लॉटवर मी चिखलात गुडघाभर रुतलो होतो. आवणाची, म्हणजे भाताच्या रोपांची, मूठ डाव्या हातात कशी धरायची, चार काड्या कशा सोडवून रोवायच्या, हे त्यानेच हात धरून शिकवलं. कोरडवाहू रानातल्या पोराला भात लावता येतो, हे वडलांना खरंच वाटेना.

दाभोळ, २००३
रूममेट यवतमाळची. तिने विचारलं, "तू इतकं चांगलं मराठी कुठं शिकली?" अगं, आमच्या पिढ्या या खाडीवर गेल्या! घरी आम्ही कोकणी मुसलमानांची बोलीच बोलतो. गौरी-गणपतीत हॉस्टेल रिकामं झालं, एवढ्या चार दिवसांत यवतमाळला जाऊन येणं तिला शक्य नव्हतं. मी तिला घरी नेलं. अम्मीने सांदणं केली, नारळाच्या रसाबरोबर. शेजारच्यांच्या गौरी पाहायला अम्मीच तिला घेऊन गेली.

अमरावती, रत्नागिरीजवळच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय
मी शाकाहारी, रूममेट बंगालचा. मोहरीच्या तेलाच्या वासाने सुरुवातीला मी बाहेर जाऊन बसायचो. चौथ्या सेमिस्टरला मासळी ओळखायला मला त्यानेच शिकवलं, कल्ले उघडून, डोळे बघून. खायला अजून शिकलो नाही.

नाव नको
हॉस्टेल मिळालं नव्हतं. एका घरमालकांनी खोली दाखवली, भाडं ठरलं, मग आडनाव विचारलं. "उद्या कळवतो," म्हणाले. हेही या धाग्यात असायला हवं.

केरळ, कुडाळजवळच्या मुळद्याचं कॉलेज
आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) कोट्यातून उद्यानविद्येला आलो. मराठी कुडाळच्या बाजारात शिकलो, म्हणून परीक्षेतसुद्धा तोंडात 'व्हय' यायचं. आमसूल पाहून मला घरचं कुडंपुळी, आमच्याकडचं आंबट फळ, वाटलं, तसंच माशात घातलं. चव वेगळी लागली. सरांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही झाडांची पानं शेजारी ठेवून दाखवली: कूळ एक, जाती दोन. जाताना कोकमाचं रोप घेऊन गेलो. घरामागे दोन्ही झाडं आहेत. कोकम अजून धरलं नाही.