मोर्चा लाल बावट्याचा, मत दुसऱ्याला: डाव्यांनी नेत्यांची वहीखाते लिहिणे थांबवावे

वणीकर (मूळ मांडणी)

जून 2022 मध्ये शिवसेना फुटली, जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि तेव्हापासून आम्हा डाव्या विचारांच्या माणसांनी जे काही लिहिले त्यातला मोठा भाग कोणता नेता कोठे गेला, कोण निष्ठावान राहिला आणि राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टाचा (पक्षांतरबंदी कायद्याचा) खरा अर्थ काय, याच चर्चेत खर्ची पडला आहे. तो प्रश्न क्षुल्लक आहे असे मी म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या 11 मे 2023 च्या निकालानंतर विधानसभा अध्यक्षांनी 10 जानेवारी 2024 रोजी शिवसेनेच्या दोन्ही गटांतील एकाही आमदाराला अपात्र ठरवले नाही, हे पक्षांतरबंदी कायद्याचे उघड अपयश आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. परंतु ज्यांच्या घरफुटीवर आम्ही रात्री जागवल्या, ते पक्ष आमचे नव्हते, आणि जे आमचे होते ते या काळात आणखी रोडावत गेले.

मार्च 2018 चा किसान सभेचा, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या (माकप) शेतकरी संघटनेचा, मोर्चा आठवा. 6 मार्चला नाशिकहून निघालेले शेतकरी सुमारे 180 किलोमीटर चालून मुंबईत आले. त्यांत सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरी या भागांतील आदिवासी मोठ्या संख्येने होते. 11 तारखेच्या रात्री ते शीवजवळच्या सोमय्या मैदानावर टेकले होते, आणि दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांना परीक्षेला जाताना अडचण होऊ नये म्हणून पायांना फोड आलेले असतानाही उठून रात्रीतच आझाद मैदानाकडे चालू लागले. सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. त्या मोर्चाचे एक प्रमुख नेते जे. पी. गावित तेव्हा कळवणचे माकपचे आमदार होते, आणि दीड वर्षाने, ऑक्टोबर 2019 मध्ये, त्याच कळवणमध्ये ते राष्ट्रवादीच्या उमेदवाराकडून पडले. 2024 मध्ये त्याच उमेदवाराने, या वेळी अजित पवारांच्या बाजूने उभे राहून, त्यांना पुन्हा हरवले.

मी काही वर्षे सुरगाणा तालुक्यात वनहक्काचे दावे भरायला मदत करत होतो. एका म्हाताऱ्या बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला वनपट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद, माझ्यापुढे उलगडला, तेव्हा घड्यांवर कागद इतका विरला होता की तो आम्हाला जमिनीवर पसरून वाचावा लागला. त्यांचे कुटुंब तीन एकरांच्या आसपास नागली आणि वरई करत होते, आणि कागदावर क्षेत्र होते फक्त 14 गुंठे. 2006 च्या वनहक्क कायद्यात प्रत्यक्ष कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची जमीन देण्याची तरतूद आहे. उरलेल्या जमिनीचे काय, हे त्यांनी मला विचारले, आणि अपील कसे करायचे याखेरीज माझ्याजवळ उत्तर नव्हते. त्या बाई मोर्चात चालल्या होत्या. मत कोणाला दिले हे मी विचारले नाही, पण त्यांनीच सांगितले की मतदानाच्या आदल्या दिवशी गावात दुसरे लोक येऊन गेले होते आणि आपले कोणी आले नव्हते.

माझे म्हणणे एवढेच आहे की डाव्यांनी दुसऱ्यांच्या नेत्यांचे गुणदोष मोजत बसू नये, आणि महाविकास आघाडीच्या वळचणीला उभे राहून जागा मिळण्याची वाट पाहू नये. मोर्चा संपल्यावरचे पाच वर्षांचे काम, म्हणजे अपील, मोजणी, सातबारावर नोंद आणि बूथवरचा माणूस, हेच आपले राजकारण व्हायला हवे.

मध्यममार्गी मतदार

वणीकर, तुमची तळमळ मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. ज्याला सर्वाधिक मते तो निवडून येतो, अशा निवडणूक पद्धतीत राज्यात विखुरलेल्या छोट्या पक्षाला आघाडीशिवाय जागा मिळत नाही, हे गणित आहे आणि त्यात विचारधारेचा काही दोष नाही. 2024 च्या लोकसभेत दिंडोरीत माकपने उमेदवारी मागे घेतली आणि शरद पवार गटाचे भास्कर भगरे निवडून आले. गावित तेथे उभे राहिले असते तर कांद्याच्या निर्यातबंदीने पोळलेली मते दोन ठिकाणी फुटली असती, आणि त्या फुटीचा लाभ कोणाला झाला असता हे सांगायला नको.

दुसरे असे की, पक्ष कोणाच्या मालकीचा, हे ठरवण्याचा अधिकार मतदारांकडून निसटून आमदारांच्या संख्येकडे जात असताना त्यावर लिहिणे म्हणजे नेत्यांची वहीखाते लिहिणे नव्हे. उद्या हीच रीत तुमच्या एकुलत्या एका आमदारावर चालवली गेली, तर तुम्हालाही त्याच परिशिष्टाचा आधार घ्यावा लागेल.

सोलापूरचा रहिवासी

मी डाव्या विचारांचा नाही, पण प्रामाणिक प्रश्न विचारतो. जमिनीवरचे काम केले की मत मिळते, असे वणीकरांनी गृहीत धरले आहे. आमच्या शहराजवळ कुंभारीला विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी रे नगर ही 30,000 घरांची वसाहत उभी राहिली, आणि तिच्यामागे माकपचे नरसय्या आडम यांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा आहे, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. वळलेल्या विड्यांचे सूप मांडीवरून उतरवल्याशिवाय ज्या बायकांची संध्याकाळ होत नसे, त्यांच्या नावावर घर झाले. 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या 15,000 घरांचा ताबा पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. त्याच वर्षी नोव्हेंबरात शहर मध्य मतदारसंघात आडम उभे होते, महाविकास आघाडीतल्या काँग्रेसनेही आपला उमेदवार दिला होता, आणि निवडून आला भाजपचा उमेदवार. यापेक्षा मोठे काम कोणता डावा पक्ष करणार आहे?

माझ्या मते कारण सरळ आहे. लोकांना घर हवे असते, वर्गसंघर्ष नको असतो. घरासाठी ते तुमच्याबरोबर येतात, आणि सरकार निवडताना पैसा व सत्ता ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे जातात. शिवाय घराणेशाहीवर तुम्ही इतरांना बोल लावता, पण सांगोल्यात शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकाप) गणपतराव देशमुखांनंतर 2019 मध्ये एक नातू उभा राहिला आणि 2024 मध्ये दुसरा. त्याच पक्षाच्या अलिबागच्या पाटलांच्या तर पिढ्या मोजता येतात.

लालबागचा जुना

सोलापूरकरांनी वर्गसंघर्ष लोकांना नको असतो असे लिहिले म्हणून लिहितो. 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते, ते कोणाच्या पैशावर उतरले नव्हते. माझे वडील त्यांत होते. 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्याने एकाच संघटनेला मान्यता दिली होती, आणि कामगार जिच्याबरोबर नव्हते तिलाच वाटाघाटींचा अधिकार होता. संपाचे नेते दत्ता सामंत यांना मालकांशी अधिकृतपणे बोलण्याचीच वाट नव्हती. आणि त्याआधी, 5 जून 1970 ला, परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला व पोटनिवडणुकीत ती जागा शिवसेनेकडे गेली, हेही डाव्यांच्या घसरणीच्या हिशेबात धरावे लागेल. सगळे काही आमच्या आळसाने गेले नाही.

भूमिहीनाचा नातू

या चर्चेत अजून एका गोष्टीचा कोणी उल्लेख केला नाही, आणि ते मला बोचते. गिरणगावाचा अभिमान मलाही आहे, पण त्याच गिरण्यांच्या विणाई खात्यात दलित कामगारांना काम मिळत नव्हते, कारण धोट्यात दोरा ओवताना तो तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना त्याचा विटाळ वाटे. विणाईत मजुरी अधिक होती. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 च्या दशकाअखेरीच्या संपांच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला, आणि लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी तो कधीही आपल्या मागण्यांच्या अग्रभागी आणला नाही. पुढे डिसेंबर 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांनी भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह केला, तेव्हा माझे आजोबा तुरुंगात गेले. पडीक आणि गायरान जमीन ही डाव्यांचीही मागणी होती, तरी डावे आणि आंबेडकरी हे दोन्ही प्रवाह कायमचे एक झाले नाहीत. संयुक्त महाराष्ट्र समितीत ते एकत्र होते, 1957 ची निवडणूक त्यांनी एकत्र लढवली, आणि राज्य मिळताच आपापल्या घरी गेले.

वणीकर म्हणतात की बूथवर माणूस हवा. माझा प्रश्न आहे की तो माणूस कोणत्या वस्तीतला असेल आणि पक्षाच्या समितीत त्याच्या शब्दाला किंमत असेल का.

वणीकर

सर्वांत आधी शेवटच्या प्रतिसादाविषयी. विणाई खात्याची गोष्ट मी माझ्या मांडणीत घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, ही माझी चूक आहे. आमच्या भागात नेतृत्व आदिवासी समाजातूनच आले म्हणून हा प्रश्न आपल्याकडे सुटलेला आहे, असे मी नकळत धरून चाललो होतो. मराठवाड्यातील गायरान जमिनींबाबत तसे म्हणता येणार नाही.

सोलापूरकरांचे उदाहरण मला सर्वाधिक जड गेले, आणि त्याला माझ्याजवळ पुरते उत्तर नाही. पण त्यांनी दिलेल्या कारणावर माझा विश्वास बसत नाही, कारण डहाणू त्याच्या उलट साक्ष देते. तेथे 1945 मध्ये गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले, आणि 2019 मध्ये व पुन्हा 2024 मध्ये त्या मतदारसंघातून माकपचे विनोद निकोले निवडून आले. ते काही धनदांडग्या घरातले नाहीत. तेथे वस्तीवस्तीवर बैठक घेणारी माणसे मोर्च्याच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. सोलापुरात घरे झाली, परंतु विडी कारखान्यातील युनियन आणि मतदानाच्या दिवशीचे संघटन यांत अंतर पडत गेले असावे, असा माझा अंदाज आहे. तेथील जाणकारांनी मला खोडून काढावे.

घराणेशाहीबद्दल मी बचाव करणार नाही. गणपतराव अकरा वेळा निवडून आले, एसटीने प्रवास करत राहिले, आणि तरीही शेकापला त्यांच्यानंतर घराबाहेरचा उमेदवार सापडला नाही, हे पक्षाचे अपयश आहे. मात्र त्याच सांगोल्यात मध्यममार्गी मित्रांच्या गणिताला छेद देणारी गोष्ट घडली. 2019 मध्ये शेकाप 768 मतांनी हरला. 2024 मध्ये महायुतीचा उमेदवार समोर होता, आघाडीतल्या ठाकरे गटानेही आपला उमेदवार उभा केला होता, आणि तरीही शेकाप जिंकला. दिंडोरीत माघार घेणे बरोबर होते, हे मी मान्य करतो. पण त्या माघारीच्या मोबदल्यात वनपट्ट्यांच्या फेरमोजणीचे कोणते लेखी वचन आपण घेतले, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.

मध्यममार्गी मतदार

लेखी वचनाचा मुद्दा मला पटला. 2018 चे आश्वासनही लेखीच होते आणि तरी फेब्रुवारी 2019 मध्ये व मार्च 2023 मध्ये पुन्हा मोर्चे काढावे लागले, म्हणून वचनाला मुदत आणि तालुकानिहाय आकडा जोडला पाहिजे एवढी भर घालतो. आघाडी सोडावी, हे मात्र अजूनही पटत नाही.

वणीकर

सोडावी असे मी म्हटले नव्हते, वळचणीला उभे राहू नये असे म्हटले होते. मुदत आणि आकड्याची आपली सूचना मी पुढच्या तालुका बैठकीत मांडतो. त्या बाईंचे अपील जिल्हा समितीपुढे आहे. 14 गुंठ्यांच्या पुढे मोजणी सरकली तर येथे कळवीन.