'डेप्रिकेटेड'ला 'कालबाह्य' लिहिलं आणि घोळ झाला, दुसरा शब्द सुचवा

लायब्ररीवाली
वेबवरून रिमोट प्रोसिजर कॉल, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरचं फंक्शन इथून चालवायची, एक छोटी पायथन लायब्ररी (तयार कोड) मी सांभाळते, त्यासाठीच्या एक्सएमएल-आरपीसी आणि जेसन-आरपीसी ह्या दोन्ही पद्धती त्यात आहेत. वापरणारे बरेचसे तालुक्याच्या गावी पतसंस्थांची सॉफ्टवेअरं बघणारे, म्हणून यंदा माहिती मराठीत लिहायला घेतली. त्यात एक जुनं फंक्शन आहे, रुपयांचे पैसे करून पूर्णांक म्हणून पाठवणारं. एक्सएमएल-आरपीसीचा पूर्णांक १९९८ पासून चार बाइटचाच, २१४७४८३६४७ ला संपतो, म्हणजे २ कोटी १४ लाखांच्या वर रुपये गेले की फंक्शन एरर देतं. मग रक्कम स्ट्रिंगमध्ये, म्हणजे मजकूर म्हणून पाठवणारं नवं काढलं आणि जुन्यापुढे लिहिलं 'कालबाह्य'. दुसऱ्या दिवशी एकाचा फोन, ताई फंक्शन काढून टाकलंत का, मी रात्रभर बसून सगळीकडे बदललं. अहो काढलं नव्हतं! पुढची मोठी आवृत्ती येईपर्यंत चालणारच आहे, फक्त नव्या कोडमध्ये घेऊ नका एवढंच सांगायचं होतं. फार वाईट वाटलं मला. इंग्रजीत ह्यालाच डेप्रिकेटेड म्हणतात, मराठीत शब्द काय?

पितळीडबा
मोडीत काढलेलं?

नाशिककर
मोडीत गेलं म्हणजे गेलंच की, परत कॉल केला तर -३२६०१ येईल, मेथड सापडली नाही म्हणून. तसा हा शब्द मोडी लिपीवरून आलाय, ती बंद पडली ना.

पितळीडबा
लिपीचा काही संबंध नाही हो. मोड म्हणजे फुटक्या भांड्यांची धातू, वजनावर विकायची. आई पितळी पातेली मोडीत घालायची ते मी डोळ्यांनी बघितलंय. एफडी मोडतो त्यातलंच मोडणं.

वार्ताहर_निवृत्त
'मावळतं' घ्या. आम्ही बातमीत 'मावळते अध्यक्ष' लिहायचो, नवा माणूस पदभार घेईपर्यंत सही त्यांचीच चालते. तुमच्या फंक्शनचं तेच आहे.

देवनागरीतच_लिहा
मावळतं फंक्शन कोण सर्च करणार? पायथनची वॉर्निंग डेप्रिकेशनवॉर्निंग ह्याच नावाने येते, सरळ डेप्रिकेटेड लिहा, पोरांना तोच शब्द माहितीय.

लायब्ररीवाली
पण ती वॉर्निंग इम्पोर्ट केलेल्या मोड्यूलमधून, म्हणजे मुख्य फाइलऐवजी जोडून घेतलेल्या दुसऱ्या फाइलमधून आली तर पायथन आपणहून दाखवतच नाही, म्हणून तर लिहिलेल्या शब्दावर सगळी भिस्त आहे. आणि फोन करणाऱ्याला डेप्रिकेटेड माहीत नव्हतं, मी विचारलं.

शुद्धमराठी
मुळात कॉललाच आपण शब्द दिलेला नाही. 'दूरस्थ कार्य-आवाहन' का नको? पूजेत पहिला उपचार आवाहनाचा, लांबच्या देवाला बोलावून घेणं. रिमोट कॉल दुसरं काय असतो?

नाशिककर
आवाहन म्हटलं की मला 'पाणी उकळून पिण्याचे आवाहन' आठवतं. आणि निम्मे लोक ते आव्हान लिहितात.

शुद्धमराठी
लिहितात कारण दोन्ही शब्द जवळचे आहेत. आवाहन 'वह्'वरून, आणणं. आव्हान 'ह्वे'वरून, हाक मारणं. म्हणजे कॉलचा नेमका अर्थ आव्हानातच होता, आपण मराठीत त्याचं चॅलेंज करून ठेवलं, हिंदीवाले अजून हाकेच्या अर्थाने वापरतात.

देवनागरीतच_लिहा
म्हणून काय आता 'सर्व्हरला आव्हान दिले' लिहायचं? लोक हॅकिंग समजतील. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, धातूचा नाही.

कोकणातली
आवाहनावरून सुचलं. गणपतीची उत्तरपूजा होते तेव्हा मूर्ती असतेच ना समोर, विसर्जन व्हायचं असतं. हे फंक्शनही तसंच, उत्तरपूजा झालेलं. लिहायला लांबडं होईल, पण फोनवर समजावताना पटकन कळेल.

लायब्ररीवाली
हे आवडलं. तरी कोष्टकात एका शब्दाची जागा आहे, 'मावळतं' आणि 'वापर टाळा' ह्यात अडकलेय.

पितळीडबा
उत्तरपूजा झाल्यावर नवा नैवेद्य नाही दाखवत, ते नव्या कोडला बरोबर लागू होतं.

कोकणातली
आमच्याकडे दहीपोहे दाखवतात की! उत्तरपूजेनंतर, मूर्ती जागची हलवायच्या आधी.

पितळीडबा
आमच्याकडे दहीपोहे उत्तरपूजेतच. मूर्ती हलवली की मग काहीच नाही. तुमचं गाव कुठलं?