ओव्हरीचा कॅन्सर: बीआरसीए निगेटिव्ह, मग पार्पच्या गोळ्या नाहीतच का?

घाईत_आहे: आईचा बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीनमधला बिघाड शोधणारी चाचणी) निगेटिव्ह आलाय. सहावा किमो गेल्या आठवड्यात झाला. पार्प इनहिबिटर (कॅन्सरच्या पेशींची डीएनए दुरुस्ती अडवणाऱ्या गोळ्या) मिळेल की विषय संपला? परवा ओपीडी आहे, लवकर सांगा.

स्लाइडवाला: निगेटिव्ह कशात, रक्तात की गाठीत? पेशीप्रकार कुठला?

घाईत_आहे: रक्त दिलं होतं. कॅन्सर ओव्हरीचा, लिहिलंय की वर!

स्लाइडवाला: अहो, हाय ग्रेड सीरस, म्युसिनस, क्लिअर सेल, सगळे ओव्हरीचेच. बायॉप्सी रिपोर्ट बघा.

घाईत_आहे: हाय ग्रेड सीरस.

स्लाइडवाला: मग विषय संपलेला नाही. रक्तात फक्त जन्मजात बदल कळतो. गाठीतच नव्याने झालेला तिथे दिसत नाही. ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या गाठीच्या तुकड्यावर, बीआरसीए आणि एचआरडी (गाठीची डीएनए दुरुस्ती बिघडली आहे का ते बघणारी चाचणी) करा. बिघडलेली असेल तर या गोळ्या जास्त चालतात. या प्रकारात साधारण निम्म्या गाठी एचआरडी पॉझिटिव्ह निघतात. रक्ताच्या रिपोर्टात एमएलपीए किंवा सीएनव्ही लिहिलंय का तेही बघा. नसेल तर जीनचा मोठा तुकडा गळालेला असला तरी सुटू शकतो.

पॅनलप्रेमी: त्यापेक्षा ५०० जीनचं पॅनल एकदाच करून टाका.

स्लाइडवाला: त्यात एचआरडी स्कोअर असेलच असं नाही. व्हीयूएसची (अर्थ अजून न कळलेल्या जीनबदलांची) यादी मात्र लांबलचक येते, आणि व्हीयूएसवर औषध ठरत नाही.

पॅनलप्रेमी: केआरएएस, बीआरएएफ या जीनमधले बदल नको का कळायला?

स्लाइडवाला: ते लो ग्रेड सीरसमध्ये जास्त कामाचं.

काळजीवाहू: घरातल्या सगळ्या बायकांनी दर सहा महिन्यांनी सीए-१२५ ही रक्ततपासणी करावी.

पॅनलप्रेमी: विचारलंय काय, सांगताय काय! यूकेसीटॉक्स या ब्रिटिश अभ्यासात दोन लाखांवर स्त्रिया होत्या, २०२१ च्या निकालात अशा स्क्रीनिंगने मृत्यू कमी झाले नाहीत.

घाईत_आहे: ब्लॉक कुठला द्यायचा? ऑपरेशन तिसऱ्या किमोनंतर झालं.

स्लाइडवाला: हे आधी सांगायचं ना! किमोआधीचा मागा. किमोनंतरच्या गाठीत जिवंत पेशी कमी उरतात, डीएनए पुरत नाही, चाचणी फेल जाते.

घाईत_आहे: आधी फक्त पोटातलं पाणी काढलं होतं.

स्लाइडवाला: त्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशींचा ब्लॉक) केला असेल आणि पेशी भरपूर असतील तर चालेल. नाहीतर ऑपरेशनच्या ब्लॉकांतला सर्वात पेशीदार निवडायला सांगा. पॅथॉलॉजिस्टकडून एचअँडई (रंग दिलेल्या) स्लाइडवर गाठीचा भाग पेनने गोल करून, ट्यूमर सेलचे टक्के लिहून घ्या. २०-३० च्या खाली असतील तर आधी दुसरा ब्लॉक बघा.

गोळीमात्रा: रिपोर्टला काही आठवडे जातात. निरापॅरिब (पार्पचीच एक गोळी) शेवटच्या प्लॅटिनम किमोपासून १२ आठवड्यांच्या आत सुरू करतात, म्हणून ब्लॉक परवाच मागा. वजन ७७ किलोच्या खाली किंवा प्लेटलेट दीड लाखाच्या खाली असतील तर सुरुवात २०० मिलिग्रॅमने. पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). गोळी किमोच्या प्रतिसादावरही ठरते, तो पूर्ण की अर्धवट? शेवटचा सीटी काय म्हणतो?

घाईत_आहे: सीटी अजून व्हायचाय.