एच-४ वरची (अमेरिकेत एच-१बीवर काम करणाऱ्याच्या कुटुंबाचा व्हिसा) मुलगी २१ ची होतेय, ग्रीन कार्ड अजून रांगेतच

प्रश्न: आमचा आय-१४० (नोकरीवरून ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर आहे, पण रांगेत आमची तारीख लागलेली नाही. लेकीला मार्चमध्ये २१ पूर्ण. ग्रीन कार्डसाठी मुलांचं वय २१ च्या आत गोठतं म्हणतात, ते कसं?

उत्तर: आपोआप गोठत नाही. व्हिसा उपलब्ध होईल त्या दिवशीच्या वयातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके वजा करा. २१ वर्षं ५ महिने वजा ८ महिने, म्हणजे २० वर्षं ९ महिने, २१ च्या आत. प्रीमियमने (जादा फी भरून झटपट) मंजुरी घेतली असेल तर वजा करायला जेमतेम दोन-तीन आठवडे. बरेच जण इथेच अडकतात.

उत्तर: व्हिसा कधी उपलब्ध झाला हे ठरवायला १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना व्हिसा बुलेटिनमधला (रांगेतल्या तारखांचं मासिक पत्रक) फायनल ॲक्शनचाच तक्ता धरतात.

उत्तर: ही वजाबाकी एच-४ ला लागू नाही, तो २१ ला संपतोच. कॉलेजकडून आय-२० (प्रवेशाचा दाखला) घ्या आणि वाढदिवसाआधीच आय-५३९ (स्टेटस बदलायचा अर्ज) भरून एफ-१, म्हणजे विद्यार्थ्याचं स्टेटस मागा. इथे वाढलेल्या पोरीला एकटीला परत जावं लागू नये, म्हणून आजच सुरुवात करा.